टोक असलेलं जग

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. कोयत्यांना वेळेवर धार लावून आणली नाही म्हणून आई बाबांवर चिडते, बाबा आभाळावर चिडतात, आणि कापायला माणसं मिळत नाहीत म्हणून दोघं मिळून सगळ्या जगावर चिडतात. दसरा उलटून गेला तरी दुपारी चारच्या सुमाराला डोंगराआडून एखादा काळा ढग येतो आणि कापून पसरलेलं भात भिजवून निघून जातो. मी शहापूरला एका संगणक वर्गात शिकवते, पण कापणीला रजा काढून गावी येतेच. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. कापलेल्या भाताचा ओला, जरासा गोड, जरासा धुळकट वास नाकात गेला की लोकांना म्हणे बालपण आठवतं. मलाही बालपणच आठवतं, म्हणून तर माझं डोकं फिरतं.

यंदा त्या रागाला वारा घातला रियाने. रिया माझ्या दादाची मुलगी, आसनगावला राहते, चौथीत आहे. सुट्टीला आली ती बापाचा लॅपटॉप घेऊन. परवा दुपारी ओटीवर ती आणि शेजारची पल्लवी बसल्या होत्या. पल्लवीच्या हातात तिच्या आईचा मोबाइल, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेला. दोघी तोच खेळ खेळत होत्या, ठोकळ्यांचा. आणि मी सुपात तांदूळ पाखडत असताना रियाचं वाक्य कानावर पडलं.

"तुझं खरं नाहीये. ओरिजिनल कॉम्प्युटरवरच असतं. मोबाइलवालं बच्चे लोकांचं."

पल्लवीने मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. बस, एवढंच झालं. पण माझ्या हातातलं सूप खाली आलं आणि मी त्या नऊ वर्षांच्या पोरीला जे काही सुनावलं, ते ऐकून वहिनी आतून धावत आली.

"अहो वन्सं, खेळावरनं एवढं?"

हो, खेळावरनंच एवढं. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात जिंकायचं काही नसतं. एक जमीन असते, ठोकळ्यांची. माती, दगड, झाड, पाणी, गाय, कोंबडी, सगळं चौकोनी. खणा, तोडा, पेरा, बांधा. कुणी घर बांधतं, कुणी किल्ला, कुणी नुसतं भटकतं. जगभरची पोरं खेळतात आणि पोरं कशाला, मोठी बापईमाणसंही खेळतात. तर या एका खेळाच्या आवृत्त्या किती! कॉम्प्युटरची वेगळी, मोबाइलची वेगळी, टीव्हीला जोडायच्या डब्यांच्या वेगळ्या. आणि जिथे दोन आवृत्त्या आल्या तिथे एक वरची आणि एक खालची ही आलीच. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. चहाच्या कपातसुद्धा आपण हे करून दाखवलंय.

फरक काय आहे म्हणाल, तर मी दोन्ही आवृत्त्या खेळले आहे, पोटभर. कॉम्प्युटरवालीत तलवारीचा एक वार केला की दम खावा लागतो, दुसरा घाईने केला तर पोकळ बसतो. मोबाइलवालीत कोयता चालवल्यासारखे सपासप वार करा, कुणी अडवत नाही. कॉम्प्युटरवालीत तारा-कळा जोडून यंत्रं बनवणारे मोठे पंडित आहेत. त्यांचं तेच यंत्र मोबाइलवर जसंच्या तसं बांधलं तर ढिम्म हलत नाही, आणि त्याचा दोष ते आपल्या यंत्राला कधी देत नाहीत. उलट मोबाइलवालीत उसाच्या बुडाशी हाडांची भुकटी टाका, ऊस सरसर वर येतो. कॉम्प्युटरवालीत पोतं रिकामं केलंत तरी ऊस तुमच्याकडे बघणार नाही. आणि बीट! बीट आमच्या मोबाइलवर आधी आलं होतं, मग कॉम्प्युटरवर. हे मी रियाला ओरडून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "बिटावरनं कोन भांडतं गो?"

गंमत पुढेच आहे. काही वर्षांनी त्या खेळाच्या मालकांनी मोबाइलवालीलाच मुख्य नाव देऊन टाकलं. कॉम्प्युटरवालीच्या नावाला मागे शेपूट लागलं, कुठली ती ओळखू यावी म्हणून. आता कॉम्प्युटरवर विकत घेतलं तर दोन्ही जोडीनेच मिळतात. दोघी एका घरात राहतात, पण एकीच्या जगात दुसरीला पाऊल टाकता येत नाही. एकाच गावात दोन पाणवठे. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याआधी त्यांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, तेव्हा हे मला कुणी नव्याने समजावू नये. एवढं सगळं होऊनही आसनगावची चौथीतली पोर तेच म्हणते, तुझं खरं नाही. मालकाने मुख्य ठरवलं तरी लोक खालच्याला खालचंच म्हणतात.

आता ती कापणी.

मी आठवीत होते. दादाने नवा फोन घेतला होता आणि जुना घरी ठेवला होता. त्याचा आवाज गेला होता, म्हणून बोलायला निरुपयोगी. पण त्यात कुणीतरी ब्लूटूथने हा खेळ टाकून दिला होता. विकत घेतलेला नव्हता, कबूल. जुनी आवृत्ती, जुना फोन, आणि त्या फोनला झेपेल एवढंच जग. ते जग लहान होतं. चालत गेलं की एका जागी पाऊल पुढे पडायचंच नाही. समोर नुसतं निळं आभाळ, आणि आपण जागच्या जागी पाय मारतोय. टोक.

आमचं काम खळं राखायचं. शेणाने सारवलेल्या खळ्यात भाताचे भारे येऊन पडायचे, झोडणी व्हायची तोवर गुरं आणि कोंबड्या हाकायच्या. आम्ही तिघी होतो. मी, शेजारच्या खळ्यावरची भावना, आणि सुमी. सुमी डोळखांबकडच्या एका पाड्यावरची. तिची आई आणि मावशी दर वर्षी आमच्याकडे कापणीला यायच्या, पेंढ्याच्या आडोशाला राहायच्या, आणि कापणी उरकली की पाड्यावरची सगळी माणसं ट्रकमध्ये बसून वीटभट्टीवर जायची, ती थेट पावसाच्या तोंडाशी परत यायची. सुमी माझ्याच वयाची. शाळेत तिचं नाव होतं, म्हणजे नावच होतं.

फोन एक आणि पोरी तीन. भांडणं व्हायला लागली तेव्हा भावनाने तोड काढली, सावड. आमच्याकडे कापणीला सावड असते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. तसंच खेळात. एक दिवस तिघींनी आलटून पालटून माझं घर बांधायचं, दुसऱ्या दिवशी भावनाचं, तिसऱ्या दिवशी सुमीचं. आजही मला वाटतं, हा खेळ असा जगात कुणी खेळलं नसेल. कॉम्प्युटरवाल्यांना प्रत्येकाचं वेगळं यंत्र, प्रत्येकाचं वेगळं जग. आमचं एकच होतं, आणि त्यात कुणाचंही घर फक्त तिचं एकटीचं नव्हतं.

पहिलं भांडण खेळाशीच झालं. त्यात भातच नाही! गहू आहे, गाजर आहे, पण भात नाही. आणि गहूसुद्धा पाण्यात लावता येत नाही, पाणी बाजूला लागतं. सुमीने चार वेळा पाण्यात बी टाकून पाहिलं आणि फोन माझ्या हातात आपटला.

"ज्यानं बनवला त्यानं चिखल बघितलाय का कदी?"

मग आम्ही ठरवलं, गहू म्हणजेच भात. शेताला बांध घातले. वस्ती बांधली, पण कडेला नाही, मधोमध. विहार मधोमध, विहीर मधोमध. भावना पाटलांच्या आळीतली, तिने विचारलं, "मग आमचं घर कुठं?" मी म्हटलं, विहिरीच्या पलीकडे, जागा आहे की. ती हसली आणि तिने बसून आमच्या विहाराला पायऱ्या घातल्या. त्या दिवशी तिघींचं लक्ष फोनमध्ये असताना शेजारच्या तात्यांच्या दोन गाई आमच्या खळ्यात शिरल्या आणि त्यांनी चार भारे फस्त केले. आईने आम्हाला पेंढा पिळून केलेल्या वेठीने झोडपलं. "भाताला काय मोबाइल लावायचा काय आता?" म्हणाली. मार खातानाही सुमीने फोन पोटाशी धरला होता.

सुमीने आपल्या घराला जागा निवडली ती जगाच्या टोकाला, अगदी टोकाला. घराची पाठ त्या निळ्या आभाळाला टेकलेली. मी म्हटलं, इथे कशाला, विहिरीजवळ ये. ती नाही म्हणाली.

"हितनं मागनं कोन यायचा नाय."

मला तेव्हा ते कळलं नाही. एवढंच कळलं की तिला तिथेच हवंय. घर लहान होतं, मातीचं, एक दार, खिडकी नाही. आत एक पलंग आणि एक पेटी. पेटीत तिने बिया ठेवल्या होत्या. आम्ही दोघींनी सांगूनसुद्धा तिने दगड वापरला नाही. मातीच हवी म्हणाली. रोज दुपारी पाळी आली की आधी घरात जाऊन दार लावून घ्यायची आणि थोडा वेळ काहीही न करता उभी राहायची. भावना ओरडायची, "अगो वेळ जातोय!" सुमी तशीच.

मग दिवाळीच्या सुट्टीत कल्याणहून नितीनदादा आला. माझ्या आत्याचा मुलगा, अकरावीत, डोळ्यावर चष्मा, पाठीला लॅपटॉप. सगळे त्याला मान द्यायचे, कारण तो इंग्रजी बोलायचा आणि बोलता बोलता खांदे उडवायचा. खळ्यावर येऊन त्याने आमचा फोन उचलला, दोन मिनिटं बघितलं आणि हसला. ते हसणं मला अजून आठवतं. गावच्या सरबतात बर्फ नाही हे कळल्यावर शहरची माणसं हसतात तसं.

"हे पॉकेटवालं आहे, मोबाइलचं. चावून उरलेलं. याला टोकसुद्धा आहे! खऱ्या आवृत्तीत जग संपतच नाही."

"टोक हाय तर काय झालं?" सुमी म्हणाली. "आमच्या पाड्यालाबी हाय."

तो तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "हिला काय सांगणार. सुजाता, मी तुमचं गाव खऱ्या आवृत्तीत टाकून देतो. बघच."

दोन दिवसांनी कापणी संपली. सुमीची माणसं निघाली. रस्त्याला ट्रक उभा होता, त्यावर गाठोडी, पत्रे, पातेली, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं चढत होतं. सुमी धावत खळ्यावर आली आणि फोन मागितला. दार लावलं. मग मला म्हणाली, "माझ्या घराला हात लावू नको कोनाला देऊ. मी येतेय तवा मीच उगडीन."

"नाही देणार," मी म्हटलं. "शपथ."

आणि शपथेला अजून चोवीस तास झाले नव्हते.

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना इथे नितीनदादाला झोडपते. त्याने फोन लॅपटॉपला जोडला, आमच्या जगाची फाइल फोनमधून उचलून तिकडे नेली, म्हणजे इथली काढून तिकडे टाकली. तिकडे ती उघडेना. कशी उघडणार, वेगळी जात ना ती! तासभर त्याने खाटखूट केलं, कंटाळला, आणि कचरा समजून पुसून टाकली. त्याबदल्यात फोनमध्ये नवी आवृत्ती कशीबशी बसवून दिली, अडखळत चालणारी, पण टोक नसलेली. "बघ, किती मोठं," म्हणाला. माफीचा शब्द नाही. त्याच्या लेखी काही गेलंच नव्हतं. चार मातीची घरं, ती पण मोबाइलवरची. आमच्या गावाचं जे मधोमध होतं ते गेलं. भावनाने घातलेल्या पायऱ्या गेल्या. राग येणार नाही तर काय येणार?

पण लिहायला बसले आहे तर पुढचंही लिहिते. फोन त्याच्या हातात मी दिला होता. त्याने ओढून घेतला नव्हता. त्याने विचारलं, "टाकू?" आणि मी म्हटलं, "हो दादा, टाक." मलाही खरी आवृत्ती हवी होती. मलाही वाटलं होतं की टोक असलेल्या जगात राहणं कमीपणाचं आहे. वस्ती कडेला असल्याचा राग करणारी मी, कल्याणच्या पोराने एकदा खांदे उडवले आणि मी माझं गाव त्याच्या हवाली केलं. सुमीचं घर त्या गावात आहे हे मला चांगलं माहीत होतं. वाटलं, तेही मोठ्या जगात जाईल, तिचं भलंच होईल. लोकांचं भलं करायला निघालेल्यांना लोकांना विचारायचं कधी सुचत नाही, हे मला पुढे पुष्कळ ठिकाणी दिसलं. आधी स्वतःत दिसायला हवं होतं.

भावनाने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला आणि मग दहावीच्या मावसबहिणीकडे तिला दुसरा खेळ सापडला. मी मात्र सबंध उन्हाळा एकटी त्या नव्या जगात बांधत बसले. परीक्षा झाली, मोह वेचायला बायका रानात जाऊ लागल्या, आणि मी ओटीवर बसून सुमीचं घर पुन्हा उभं करत होते. चांगलं केलं, सुबक केलं. नदीकाठी जागा घेतली, कारण टोक नव्हतंच कुठे. पाया दगडाचा घातला, पडू नये म्हणून. दोन खिडक्या ठेवल्या, उजेड यावा म्हणून. पेटीत सोनं ठेवलं. मला वाटलं, सुमी बघून हरखेल.

पावसात, आवणाच्या म्हणजे भातलावणीच्या वेळी ती आली. भट्टीवरून आलेली, केस पिंजारलेले, हातांना चिरा पडलेल्या, पहिल्यापेक्षा उंच. चिखलातून बाहेर येऊन पाय न धुताच ओटीच्या कडेला बसली आणि हात पुढे केला. मी फोन दिला. ती त्या घरासमोर उभी राहिली. दार उघडलं नाही. घराला एक वळसा घातला. पाठीमागे गेली, तिथे मोकळं रान होतं, कुठवरही जाणारं.

"हे माझं नाय."

"तुझंच आहे गो."

"माझं मातीचं हुतं."

आणि मी, जी आज मोबाइल आणि कॉम्प्युटर यांच्यावरून ओटीवर युद्धं करते, ती मी तिला म्हणाले, "अगं, तेच आहे. नवीन आवृत्तीत असं दिसतं."

सुमीने माझ्याकडे बघितलं. मग फोन ओटीवर ठेवला, हळूच, अजिबात न आपटता, आणि परत आवणात उतरली. त्या दिवशी तिने माझ्या शेजारच्या ओळीत रोपं लावली. त्या वर्षीच्या कापणीला तिची आई आली, मावशी आली, सुमी आली नाही. पुढच्याही नाही. आईने विचारलं तर तिची आई म्हणाली, दुसऱ्या गावाला कापणीला जाते ती. मी मनाशी ठरवून टाकलं की भट्टीने तिला गिळलं. शिकता शिकता, शिकवता शिकवता मी भट्ट्यांवर बोलले, पोरींच्या शाळा सुटण्यावर बोलले, कार्यक्रमांत बोलले, खालच्या-वरच्या आवृत्त्यांवर बोलले. आवाज चढवून बोलले. टाळ्याही मिळाल्या. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर सुमी असायची आणि प्रत्येक वेळी दोष दुसऱ्या कुणाचातरी असायचा.

गेल्या गुरुवारी शहापूरच्या बाजारात ती भेटली. मीच ओळखलं. काकड्या आणि करांद्याचे रानकंद मांडून बसली होती, बाजूला सात-आठ वर्षांची मुलगी वही उघडून काहीतरी लिहीत होती. आम्ही हसलो, मी तिच्यापाशी उकिडवी बसले. भट्टीवर आता जात नाही म्हणाली, पाड्यावरच राहते, पोरीची शाळा आहे. आईची, मावशीची चौकशी झाली. मग मला राहवलं नाही. रियाशी होणारं भांडण अजून व्हायचं होतं, पण माझ्या पोटात ते जुनं होतंच. मी सगळं सांगितलं. नितीनदादा, लॅपटॉप, पुसलेलं जग. आणि शेवटी, "फोन मीच दिला होता सुमी. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही."

तिने एका बाईला काकड्या मोजून दिल्या. मग म्हणाली, "घर पडल्याचं काय नाय गो. आमचं घर दर सालाला पडतंच. भट्टीवरनं आलं का पयलं तेच काम, कूड बांदायचा, सारवायचा. तू सांगतीस पडलं, तर मी दुसरं बांदलं असतं, दोन दिवसांत."

"मग?"

"तू म्हनलीस, तेच हाय. मला माझं घर वळखता येत नाय, आसं तुला वाटलं. म्हनून नाय आले मी परत. भट्टीमुळं नाय."

तिची मुलगी वहीतून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. मला सवयीने बरंच काही बोलता आलं असतं. मी लहान होते, मला भीती वाटली होती, तुला वाईट वाटू नये म्हणून. सगळं जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

सुमीने मान हलवली आणि माझ्यासाठी करांदे निवडायला घेतले, एकेक हातात घेऊन, माती झटकून.